बेडकाला झोप येईना

"आप्पा, बेडूक होऊ नका हो! मला हसू येतंय!"

रविवारची दुपार. आमच्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर आमचे आप्पा उकिडवे बसले होते. गाल फुगवलेले, डोळे वटारलेले, दोन्ही हात जमिनीला टेकलेले. आता उडी मारणार अशा बेतात. तोंडातून आवाज मात्र शून्य. मी एका हातात गोष्टीचा कागद आणि दुसऱ्या हातात फोन धरून "एका तळ्यात एक बेडूक होता" एवढंच वाचत होते आणि पुढं सरकायचं नावच नव्हतं. बेडूक म्हटलं की आप्पा उडी मारायचे आणि मी फिस्सकन हसायचे.

आईनं लाटणं पोळपाटावर आपटलं. "अवो, उठा आता. गुडघं दुखाय लागलं की मलाच तेल लावाय लावशीला. पोरगीला मदत करतायसा का तिचं वाटुळं करतायसा?"

आप्पांनी शेजारची पाटी ओढली, खडूनं लिहिलं, "मदत," आणि खाली रेघ मारली.

आप्पांना बोलायची बंदी होती. दुसऱ्या कुणाला ही बंदी घातली असती तर शेजाऱ्यालासुद्धा पत्ता लागला नसता. आप्पांना घातली आणि अख्खं गाव बहिरं झालं. आमचे आप्पा म्हणजे शिवलिंग कोरे, पण त्या नावानं त्यांना फक्त रेशनकार्ड ओळखायचं. सांगलीच्या अलीकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात ते भोंगेआप्पा. टपावर दोन भोंगे बांधलेल्या रिक्षातून गावभर पुकारत फिरायचं हा त्यांचा धंदा. उद्या नळाला पाणी येणार नाही, भोंगेआप्पा सांगणार. साड्यांचा सेल लागला, सर्कस आली, कुणाची म्हैस चुकली, भोंगेआप्पा सांगणार. काहीजण नळाला पाणी आलेलं दिसत असूनसुद्धा "आप्पा येणार न्हाई म्हणालाय" म्हणून घागरी भरायचे नाहीत.

त्या वर्षी निवडणूक आली. सकाळी एका पक्षाचा प्रचार आणि दुपारी दुसऱ्याचा, असं आप्पांनी दोन्ही बाजूंना इमानदारीनं ओरडून घेतलं. निकाल लागला आणि आप्पांचा घसा बसला. तो उठेचना. सांगलीच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. महिनाभर मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलंत तर गाठी बसतील. नाही ऐकलंत तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसला येईल ते मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून आप्पांच्या हातात माझी बालवाडीतली पाटी आली. रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली गेली. रिक्षाची किल्ली खुंटीवर गेली. आणि महिना सरायच्या आतच एके दिवशी आप्पांनी पाटीवर लिहिलं, "सोमवारी मोठा बाजार. रिक्षा काढणार."

"डोस्कं फिरलंय का?" आई म्हणाली. "डाक्टर काय म्हणालाय?"

आप्पांनी पुसून लिहिलं, "घरातला एक तरी आवाज चालला पाहिजे."

"मी चालवते की," मी म्हणाले.

मी तेव्हा आठवीत होते, तेरा वर्षांची. आवाज आप्पांचाच घेतला होता. वर्गात हजेरीला "हजर" म्हटलं की शेजारच्या वर्गातली पोरं दचकायची. आप्पा माझ्याकडं बघून खांदे हलवत हसले. शाळा सोडून रिक्षात बसून पुकारणार का, असं त्यांनी हातवाऱ्यांनी विचारलं, आणि शाळा म्हणताना माझा कानही पिळून दाखवला.

"रिक्षात कशाला? फोनवर काम करते. ऑनलाईन. लोकं घरात बसून करतात."

त्या वर्षी सगळीकडं नेट स्वस्त झालं होतं आणि नेटवर काहीही मिळतं अशी माझी ठाम समजूत होती. आई मूग निवडत होती. तिनं मान वर न करताच अटी घातल्या. "दार उघडं ठिवून, माझ्या डोळ्यांम्होरं करायचं. फोटू कुणाला द्यायचा न्हाई. काम द्यायच्या आधीच जो पैसं मागंल, त्याला दारात उभा करायचा न्हाई. आन शाळा बुडाली तर फोन आडात."

आप्पांनी पाटी दाखवली. "सोमवारपर्यंत." म्हणजे सोमवारपर्यंत मला काम मिळालं तर ते गप्प बसणार, नाही तर रिक्षा काढून घशाचं वाटोळं करणार. आप्पांचा शब्द म्हणजे शब्द, मग तो खडूचा का असेना.

मी कामाला लागले. आहाहा, काय ते दिवस! टायपिंगचं काम होतं, पण वय अठरा पूर्ण पाहिजे. हिशेब लिहायचं काम होतं, अठरा पूर्ण. कुणाच्या तरी दुकानाच्या चौकशांना उत्तरं द्यायची होती, अठरा पूर्ण. सगळं जग अठरा वर्षांचं होऊन बसलंय आणि मी एकटीच मागं राहिलेय असं वाटायला लागलं. एके ठिकाणी वय विचारलं नाही, नुसते प्रश्न विचारले. "तुमच्याकडे चारचाकी आहे का?" मी खरं तेच सांगितलं, तीनचाकी आहे, भोंग्यांसकट. त्यांनी धन्यवाद म्हणून दार लावून घेतलं. मेंदीची नक्षी काढून पाठवायचं एक काम दिसलं म्हणून मी सराव आईच्या हातावर केला. मेंदी जाईपर्यंत आई पदरात हात लपवून फिरत होती.

मग एकाचा फोन आला. "मॅडम, अभिनंदन! आपली निवड झाली आहे!"

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मॅडम म्हटलं होतं. मी अंगणात गिरकी घेतली, ताडपत्रीला मिठी मारली. आईनं पिठाच्या हातानं फोन काढून घेतला. "कुठलं काम? हां. आदी नोंदणीचं पैसं भरायचं? हां. बाळ, तुझी आई हाय का जवळ? दे जरा तिला फोन." पलीकडून फोन कट झाला. आईनं मला माझ्या पडलेल्या तोंडासकट भाकरी खायला बसवलं.

शेवटी शाळेतल्या कुंभार मॅडम देवासारख्या धावून आल्या. त्या आम्हाला संगणक शिकवायच्या. "अगं, तू मोठ्यांची कामं शोधतेयस म्हणून मिळत नाहीत," त्या म्हणाल्या. "लहान मुलंच लागतात असं काम शोध की. माझी एक मैत्रीण आहे पुण्यात, मृणाल. तिची संस्था लहान पोरांना फोनवर ऐकायच्या गोष्टी करते, आणि त्या मुलांच्याच आवाजात. घरच्यांची परवानगी लागते. घरातलं मोठं माणूस शेजारी बसवूनच रेकॉर्ड करायचं."

आईनं स्वतः मृणालताईंशी बोलून सगळ्या अटी तपासल्या. दार उघडं, फोटो नाही, आधी पैसे नाहीत, शाळा सांभाळून. आई फोन ठेवून म्हणाली, "बाई बरी वाटली. तिनंच मला जास्त प्रश्न विचारलं."

नमुन्याला गोष्ट आली. एका बेडकाला झोप येत नाही आणि मग येते, एवढीच गोष्ट. मी एका दमात रेकॉर्ड करून पाठवली. शेजारी आप्पा होतेच. त्यांनी ऐकून दोन्ही अंगठे वर केले. शुक्रवारी संध्याकाळी मृणालताईंचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर घेतला.

"निलांबिका, आवाज छान आहे गं तुझा. खणखणीत. पण ही झोपेची गोष्ट आहे, माहितेय ना?"

"हो."

"रात्री बाळांना झोपवायला लावतात. तुझी गोष्ट मी ऑफिसात लावली, तर दुपारी डुलक्या काढणारे आमचे शिंदेकाका ताडकन उठून उभे राहिले. आणि मला सांग, तू प्रत्येक वाक्य दोनदा का म्हणतेस? 'एका तळ्यात एक बेडूक होता, एक बेडूक होता'?"

मला प्रश्नच कळेना. "दोनदाच सांगायचं असतं ताई. एकदा चौकात आणि एकदा चौक वळल्यावर. न्हाई तर वळणावरच्या लोकांना कसं कळणार?"

पलीकडं बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "रविवारी संध्याकाळपर्यंत परत पाठव बाळा. हळू आवाजात. एकदाच. सोमवारी सकाळी सांगते, कारण मलाही त्या दिवशी आवाज ठरवायचाय."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा छताकडं बघत होते. सांगणं म्हणजे ओरडणं आणि तेही दोनदा, हे आम्हा दोघांना आईच्या दुधाइतकं खरं होतं. त्यात काही चूक असेल असं आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तर अशी ती रविवारची दुपार. मी हळू वाचायला जायची आणि तिसऱ्या वाक्याला डावा हात आपोआप कानामागं जायचा, छाती भरायची आणि "कमळ म्हणाऽऽलं" म्हणताना शेजारची कोंबडी पंख फडफडवायची. आईनं माझा डावा हात धरून ठेवला, तर उजवा गेला. आप्पा बेडूक झाले, तर हसू आलं. बाहेर उन्हं कलायला लागली आणि मला रडू फुटलं.

"न्हाई जमत मला! उद्या रिक्षा काढणार हे, आणि परत कधीच बोलणार न्हाईत!"

आप्पांचा चेहरा उतरला. ते पाटी घेऊन माझ्याजवळ बसले. लिहिलं, "मी चौकात गर्दीला सांगत नाही. एकालाच बघून सांगतो." पुसलं. "पानपट्टीवाला, नाही तर भाजीवाली." पुसलं. "तू मला सांग." मग त्यांनी सतरंजी अंथरली, उशी घेतली आणि लहान बाळासारखे आडवे झाले. डोळे मिटले.

मी वाचायला सुरुवात केली. दोनच वाक्यं झाली आणि आप्पांचं पोट खालीवर, खालीवर. आवाज न करता घोरायला लागले! आईनं तोंडाला पदर लावला.

"आप्पा, नाटक करू नका," मी म्हणाले. "तुम्ही खरंच झोपलासा की झोपेत पुकारताय. सगळ्या गल्लीला माहिताय."

हे खरं होतं. आप्पा झोपेतसुद्धा रिक्षा चालवायचे. "उद्या पाणी येणार नाही" हे आम्ही कितीतरी रात्री अंधारात ऐकलेलं. लहानपणी मला ती अंगाईच वाटायची.

आप्पांनी डोळे उघडले. नाटक सगळं उतरलं. ते उठून बसले, पाटी घेतली आणि एकच शब्द लिहिला.

"म्हणूनच."

आईनं तो शब्द वाचला. तव्यावरची चपाती तशीच राहिली आणि करपायला लागली. "म्हंजे? तुम्ही झोपत न्हाई? झोपेत बोलशीला म्हणून? तरीच रोज भिताडाला टेकून बसतायसा! मला वाटलं ह्यास्नी घोर लागलाय!" ती हसत होती का रडत होती हे तिलाही कळत नव्हतं. "अवो, माणूस हायसा का कोण! सांगायचं न्हाई व्हय? पाटी कशाला दिलीया?"

आप्पांनी अपराध्यासारखी मान खाली घातली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती इतके दिवस तिथंच होती, आणि मी समोर बसून "वय अठरा पूर्ण" वाचत होते.

आईनं गॅस बंद केला. खुंटीवरचं आप्पांचं उपरणं काढलं, हनुवटीखालून घेऊन डोक्यावर घट्ट गाठ मारली. दाढ दुखणाऱ्या माणसासारखे आप्पा दिसायला लागले, गाठीची दोन टोकं सशाच्या कानांसारखी वर. मला हसू यायला हवं होतं. आलंही. पण मी ते बाहेर पडू दिलं नाही.

"झोपा आता," आई म्हणाली. ती त्यांच्या उशाशी मांडी घालून बसली, तळहात तयार ठेवून. "ही मी हितं बसलीया. तोंड उघडलंसा की दाबते. बिनघोर झोपा. निले, वाच."

मी फोन सुरू केला आणि वाचायला लागले. एका तळ्यात एक बेडूक होता. त्याला झोप येईना. आपण झोपलो तर तळ्याचा आवाज बंद पडेल असं त्याला वाटायचं. मासे म्हणाले, झोप. तो झोपेना. कमळ म्हणालं, झोप. तो झोपेना. मी आप्पांकडं बघून वाचत होते. हात कानामागं गेला नाही. कशाला जाईल? आप्पा हाताच्या अंतरावर होते. आवाज खाली आला, आणखी खाली आला, आणि मला माहीत नसलेलं काहीतरी माझ्या गळ्यातून निघायला लागलं. मग एक गोगलगाय आली. ती म्हणाली, आजच्या दिवस मी जागते, तू पड. बेडूक म्हणाला, नक्की? गोगलगाय म्हणाली, नक्की.

आप्पांची बोटं सतरंजीवर सैल पडली. मग खरंखुरं घोरणं सुरू झालं, आधी बारीक, मग रिक्षा चालू होताना होतं तसं. मी शेवटचं वाक्य वाचलं. फोन तसाच चालू राहिला, कारण त्याच्याकडं बघायचं भानच नव्हतं.

आणि उपरण्याच्या आतून आवाज आला.

"ऐका हो ऐका..."

आईचा हात झेपावला. तोंडापासून वीतभर अंतरावर आला आणि तिथंच थांबला. कारण आवाज घोगरा नव्हता. फाटलेला नव्हता. झोपेनं जड होता, उपरण्यानं दाबलेला होता, पण अख्खा होता. आमच्या आप्पांचाच होता.

"आपल्या गावात... कोरेंची निलू... गोष्ट सांगणार आहे..." मध्ये एक घोरणं. आप्पा चौक वळले असावेत. "गोष्ट सांगणार आहे..."

आईनं तो हात स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत बसलो, हलायची सोय नव्हती. आप्पा आणखी काही बोलले नाहीत. दिवेलागणीपर्यंत ढाराढूर झोपले.

"त्यास्नी हे सांगायचं न्हाई हां," आई कुजबुजली. "झोपेत बोललो म्हंजे घसा गेलाच, असं मनात घेऊन बसतील. आन हेच पाठव. परत वाचलीस तर परत भोंगा हुईल."

"पण शेवटी आप्पांचं..."

"काप की तेवढं."

कापायचं कसं ते मला येत नव्हतं. मी डोळे मिटले आणि सगळंच पाठवून दिलं.

सोमवारी सकाळी आप्पांनी आंघोळ केली, विभूती लावली, ठेवणीतली टोपी घातली आणि खुंटीवरची किल्ली घेतली. आई दारात आडवी उभी राहिली. आप्पांनी हात जोडले आणि तिच्या बाजूनं निघून अंगणात गेले. ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायला लागले. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. माझ्या हातातला फोन मुका.

तिसऱ्या गाठीला फोन वाजला. मी स्पीकर लावला तेव्हा बोट तीनदा चुकलं.

"निलांबिका, घरातलं मोठं कुणी आहे ना शेजारी?"

"दोघं हायेत."

"बरं. तुझी गोष्ट ऐकली. मला आधी एक सांग. शेवटी कोण बोललंय?"

मी आईकडं बघितलं. आईनं कपाळाला हात लावला. आप्पांच्या हातात ताडपत्रीची दोरी तशीच राहिली आणि त्यांनी मान वळवली.

"आप्पा," मी म्हणाले. "झोपेत."

"झोपले होते? खरंच?"

"खरंच. कितीतरी दिवसांनी."

मृणालताई हसल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग मला आणखी काय तपासायचंय? ज्या गोष्टीनं बाप झोपला तिच्यानं बाळं झोपतीलच. तुझ्या आप्पांचं तेवढं आम्ही कापतो. बाकी काम तुझं. शनिवार-रविवारीच करायचं हं, शाळा सांभाळून."

मी जी किंचाळले, ती चौकात आणि चौकाच्या वळणावरही एकदमच ऐकू गेली असणार. आईनं मला आणि मी आईला आणि आम्ही दोघींनी त्या ताडपत्रीला गदागदा हलवलं. शेजारच्या काकू "काय झालं, काय झालं" करत आल्या आणि काही न कळताच हसायला लागल्या.

आप्पा मात्र दोरी धरून तसेच उभे होते. त्यांनी स्वतःच्या गळ्याकडं बोट केलं. मग फोनकडं. मी बोललो?

आता लपवून उपयोग नव्हता. मी रेकॉर्डिंग शेवटाकडं नेलं आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यातून आधी घोरणं आलं, मग तो आवाज आला, अख्खा, जसाच्या तसा. कोरेंची निलू गोष्ट सांगणार आहे. गोष्ट सांगणार आहे.

आप्पा ऐकत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले, आवाज न करता, आणि टोपी डोळ्यांवर आली ती त्यांनी वर केली नाही. मग त्यांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. ती मी खुंटीला लावायला वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि फोनकडं बघत दोन बोटं वर केली.

मी परत लावलं. दोनदाच ऐकवायचं असतं.